परत येण्याची हमी कुणी द्यायची?

माझ्या भाच्याची कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे. पंपाची बॉडी, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट अशी कास्टिंग तो करतो. बावीस माणसं कामाला आहेत. गेल्या वर्षी युरोपातल्या एका गिऱ्हाइकानं त्याला आठ दिवसांसाठी बोलावलं. नमुने पास झाले होते, समोरासमोर बसून दर आणि वर्षभराचं वेळापत्रक ठरवायचं होतं. शाहूपुरीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोन रात्री बसून आम्ही त्याची फाईल लावली. निमंत्रणाचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि त्याच्या पानापानावर बँकेचा गोल शिक्का, तीन वर्षांचे आयटीआर, जीएसटीचं सर्टिफिकेट, उद्यम नोंदणी, तीस हजार युरोचा प्रवास विमा, जाण्यायेण्याचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग.

आणि सगळ्यात शेवटी सातबारा. गावाकडचा २८ गुंठ्यांचा उसाचा तुकडा, आजोबांच्या मागे लागलेली सात वारसांची नावं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. हा उतारा इंग्रजीत करून नोटरीकडून शिक्का मारून आणला होता. कशासाठी, म्हणून विचारलं तर भाचा म्हणाला, "शेत इथं आहे म्हटल्यावर माणूस परत येणार, हे त्यांना दिसाय पाहिजे, मामा."

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं तो मुंबईला गेला, बोटांचे ठसे देऊन आला. पंधरा-वीस दिवसांनी पासपोर्ट परत आला, त्यात एक छापील कागद. कारणांच्या यादीतल्या एकाच चौकोनात खूण होती. त्या ओळीचा अर्थ असा, की व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही आमचा प्रदेश सोडून जाल याबद्दल आम्हाला वाजवी शंका आहे. नव्वद युरोची फी गेली, सेवाशुल्क गेलं, तिकिटाचे पैसे निम्मे कापून आले. ऑर्डर दुसरीकडे गेली. भाचा तो कागद हातात धरून बसला होता. "आपण परत येणार नाही असं ह्यांना कशावरनं वाटलं, मामा?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर दोन देशांमधला व्हिसा कसा उठतो, कोण कुणाशी काय बोलतं, कशाच्या बदल्यात काय देतं, हे मिळेल तिथून वाचत गेलो. आता मला ठामपणे वाटतं, की हा प्रश्न माझ्या भाच्याला विचारायलाच नको होता. माणूस परत येईल का, आणि नाही आला तर त्याला परत कोण घेईल, हे दोन सरकारांनी आपसात ठरवायचं असतं. त्यांनी ते ठरवलेलं नाही, म्हणून ते ओझं एकेका माणसाच्या सातबाऱ्यावर येऊन पडतं.

दोन तारखा सांगतो. २९ मार्च १९९१ रोजी ब्रसेल्समध्ये पोलंडनं शेंगेन गटातल्या, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकायचं ठरवलेल्या, सहा युरोपीय देशांशी करार केला. त्यांच्या हद्दीत बेकायदा राहणारा पोलिश नागरिक सापडला तर पोलंड त्याला परत घेईल, पोलंडमार्गे घुसलेला परका माणूस सापडला तर त्यालाही घेईल. आणि ८ एप्रिल १९९१ पासून पोलिश माणसाला त्या देशांत व्हिसाशिवाय जाण्याची मुभा मिळाली. मधे दहा दिवस.

त्या वेळचा पोलंड श्रीमंत नव्हता. साम्यवादी राजवट जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती, महागाई आकाशाला भिडली होती, कारखाने बंद पडत होते आणि जर्मनीत मिळेल ते काम करायला पोलिश माणसं जात होती. ८ एप्रिलला ओडर नदीवरचा पूल ओलांडून फ्रँकफुर्ट-ओडर गावात शिरणाऱ्या पहिल्या पोलिश बसवर जर्मन उजव्या टोळक्यांनी दगडफेक केली. सुरुवात अशी झाली. तरी करार टिकला, कारण तो सदिच्छेवर उभा नव्हता. कोण परत घेणार, हे त्यात लिहिलेलं होतं. पुढे १९९३ मध्ये जर्मनीनं पोलंडशी वेगळा करार केला आणि परत पाठवलेल्या लोकांची व्यवस्था लावण्यासाठी, सीमा सांभाळण्यासाठी पोलंडला १२ कोटी मार्क देऊ केले. म्हणजे खर्चाचीसुद्धा बोलणी झाली. २१ डिसेंबर २००७ ला पोलंड शेंगेनमध्ये आला आणि त्या पुलावरची पासपोर्टची तपासणीच थांबली.

याच पोलंडची अमेरिकेबरोबरची गोष्ट अगदी उलटी आहे. अमेरिकन माणसाला पोलंडनं १९९१ मध्येच व्हिसा माफ केला, आणि बदल्यात काही बांधून घेतलं नाही. अमेरिकेचा नियम असा, की ज्या देशाच्या लोकांचे व्हिसा-अर्ज नाकारण्याचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत येईल त्यालाच माफी मिळेल. पोलंड नाटोत आला, युरोपीय संघात आला, इराकमध्ये अमेरिकेच्या खांद्याला खांदा लावून त्याचं सैन्य लढलं, तरी पोलिश आजीबाईंना नातवाला भेटायला वॉर्सातल्या अमेरिकी वकिलातीसमोर रांगेत उभं राहावंच लागायचं. माफी मिळाली ती ११ नोव्हेंबर २०१९ ला. अठ्ठावीस वर्षांनी.

देश एकच. एका बाजूला दहा दिवस, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस वर्षं. देणं आणि घेणं एकाच टेबलावर मांडलं की काय होतं आणि आधी देऊन मग वाट बघत बसलं की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडलं नाही.

पोलंडचंच उदाहरण मी धरून बसलोय, याला कोल्हापूरकराला कारण सांगायला नको. वळिवडे इथून हाकेच्या अंतरावर आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. १९४० पासून सोव्हिएत सरकारनं त्यांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं होतं. ती तिथून सुटली तीही एका करारामुळेच: ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात समझोता झाला, आणि पुढच्या वर्षी कास्पियन समुद्र ओलांडून ही माणसं इराणात आणि तिथून हिंदुस्थानात आली. ज्यांचा देशच नकाशावरून पुसला गेला होता त्या बायकामुलांना वळिवड्यात शाळा मिळाली, चर्च मिळालं, दवाखाना मिळाला. इथं वारलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे.

काही वर्षांपूर्वी त्या स्तंभापाशी एक ऐंशी ओलांडलेल्या पोलिश बाई मी पाहिल्या. लहानपणी छावणीत होत्या. व्हीलचेअरवर बसून त्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत होत्या आणि मधेच त्यांनी आम्हा चार-पाच जणांकडे बघून मराठीत एक ते दहा म्हणून दाखवलं. सातला अडखळल्या, तर बाजूला उभ्या असलेल्या माळीबुवांनी "सात" म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढे आठ, नऊ, दहा. कोल्हापूरविषयी आस्था असलेली अशी माणसं पोलंडमध्ये आहेत आणि तिथल्या सरकारलाही याची जाण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली. जामनगरजवळच्या बालाचडीत पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामसाहेबांच्या नावानं दर वर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याचा कार्यक्रमही त्याच दौऱ्यात जाहीर झाला.

पण या आस्थेवर व्हिसा उठत नाही. पोलंडच्या मनात असलं तरी तो एकटा मला नव्वद दिवसांची व्हिसामाफी देऊ शकत नाही. कुणाला व्हिसा लागेल आणि कुणाला नाही, याच्या दोन याद्या युरोपीय संघाच्या २०१८ च्या नियमावलीला जोडलेल्या आहेत. भारत पहिल्या यादीत आहे. दुसऱ्या यादीत जायचं तर युरोपीय आयोगानं प्रस्ताव मांडावा लागतो, आणि तो युरोपीय संसद व सदस्य देशांची परिषद या दोघांनी मान्य करावा लागतो. दार ब्रसेल्सचं, म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयाचं आहे, ते वॉर्सातून उघडणार नाही. वॉर्सा आपल्यासाठी ब्रसेल्समध्ये चार शब्द बोलू शकेल, आणि ती विनंती आपण करायला हवी.

ब्रसेल्सची रीत ठरलेली आहे. पहिली पायरी म्हणजे व्हिसा सुलभीकरणाचा करार: व्हिसा राहतो, पण फी कमी होते, कागद मोजके होतात, व्यापारी, विद्यार्थी, पत्रकार, नातेवाइकांना भेटायला जाणारे अशांना वारंवार ये-जा करता येईल असे लांब मुदतीचे व्हिसे मिळतात. हा करार करताना माणसं परत घेण्याचा करारही बरोबरच करायचा, दोन्ही जोडीनं चालतात. त्यानंतर अटींचा आराखडा हातात येतो: चिपचे पासपोर्ट, पासपोर्ट देताना ओळख पक्की करण्याची पद्धत, सीमेवरची व्यवस्था, मानवी तस्करीविरुद्धची कारवाई, भ्रष्टाचाराला आळा. एकेक अट पुरी झाली की आयोग अहवाल देतो. युक्रेननं या वाटेनं जाताना सुलभीकरण २००८ मध्ये मिळवलं आणि माफी ११ जून २०१७ ला. जॉर्जियाला २०११ ते २०१७ लागली.

कोसोवोची कथा वाचताना मला फार वाईट वाटलं. लोकसंख्या आपल्या एका मध्यम जिल्ह्याएवढीही नाही. २०१२ मध्ये त्यांना सुमारे ९५ अटींचा आराखडा मिळाला. त्यात भर म्हणून माँटेनिग्रोबरोबरची हद्द आखून संसदेत मंजूर करा, असंही सांगितलं गेलं. त्या हद्दीवरून त्यांच्या संसदेत विरोधकांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, सरकार पडलं, अखेर मार्च २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. जुलै २०१८ मध्ये आयोगानं सांगितलं की सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. तरी काही सदस्य देश स्थलांतराच्या भीतीनं अडून बसले आणि दार उघडलं १ जानेवारी २०२४ ला. अटी पाळूनसुद्धा पुढची साडेपाच वर्षं तिथली माणसं आपल्यासारखीच फायली लावत होती. म्हणून माझं म्हणणं आहे, की वाटाघाटीत अटींबरोबर तारखाही लिहून घ्यायच्या. तुर्कस्ताननं डिसेंबर २०१३ मध्ये परत घेण्याच्या करारावर सही केली, त्याच दिवशी व्हिसामाफीची बोलणी सुरू झाली, ७२ अटी हातात आल्या आणि तुर्की माणूस अजून रांगेतच आहे.

आता आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. युरोपच्या मनातली शंका हवेतून आलेली नाही. सर्बियानं २०१७ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला होता. तिथं विमानानं उतरायचं आणि मग रात्रीतून हद्द ओलांडून युरोपीय संघात शिरायचं, असा धंदा एजंटांनी उभा केला. संघानं सर्बियावर दबाव आणला आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सवलत बंद झाली. इराणनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याला व्हिसामाफी दिली होती. नोकरीचं आणि पुढच्या देशात पोचवण्याचं आमिष दाखवून एजंटांनी आपल्या पोरांना तिथं नेलं, पोचल्यावर खंडणीसाठी त्यांची अपहरणं झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इराणनं ती माफी थांबवली. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, तेव्हा त्यांच्या हातापायांतल्या बेड्यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्यांच्याकडून लाखो रुपये घेऊन त्यांना त्या वाटेला लावणारे एजंट कुणाचे होते? आपलेच. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या कायद्यानं एजंटची नोंदणी सक्तीची आहे. आपल्या जिल्ह्यातही टुरिस्ट व्हिसावर पोरं पाठवतो म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्यावर गुन्हा दाखल होणं हा व्हिसामाफीच्या वाटाघाटींचाच भाग आहे, असं मी मानतो.

हेही खरं, की दार जितकं घट्ट तितका दलाल गबर होतो. खुद्द पोलंडमध्ये २०२३ साली पैसे घेऊन व्हिसे मिळवून दिल्याचं मोठं प्रकरण बाहेर आलं आणि तिथल्या निवडणुकीत गाजलं. ज्याच्याकडे खऱ्या कागदांची फाईल आहे तो नाकारला जातो आणि ज्याच्याकडे ओळख आणि पैसा आहे तो आत जातो, ही अवस्था युरोपलाही परवडणारी नाही.

आणि शंका घेण्याची गरजही आता कमी झाली आहे. कोण कधी आला आणि कधी गेला, हे आजवर पासपोर्टवरचे शिक्के बघून मोजावं लागायचं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमेवर टप्प्याटप्प्यानं नवी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तारीख तिच्यात टिपली जाते. कुणी मुदतीपेक्षा जास्त राहिला तर ते लगेच कळणार आहे. मग एका देशाच्या सगळ्या माणसांवर अंदाजानं शंका घेण्यापेक्षा किती भारतीय खरोखर परतले नाहीत हे आकड्यानं मोजा, आणि तो आकडा आमच्या सरकारलाही द्या, असं आपण म्हणू शकतो. बोलणीच्या टेबलावर हे आपलं भक्कम साधन आहे. शिवाय दिलेली माफी काढून घेण्याची सोयही युरोपनं कायद्यात करून ठेवली आहे. वानुआटूनं पैशाच्या बदल्यात पासपोर्ट विकले म्हणून त्या देशाची माफी त्यांनी रद्दही केली. म्हणजे दार उघडलं तरी किल्ली त्यांच्याच हातात राहते.

परत घेण्याच्या कराराला आपल्याकडे विरोध आहे आणि त्यातला काही भाग मला पटतो. पकडलेला माणूस पासपोर्ट फाडून टाकतो. तो आपलाच आहे, हे कशावरून ठरवायचं? ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर तो भारतीयच समजला जाईल, असलं कलम भारतानं मान्य करू नये. भारतातून पुढे गेलेला तिसऱ्याच देशाचा माणूस आपण परत घ्यावा, ही मागणीही नाकारावी. नेपाळची हद्द आपल्याला १९५० च्या करारानं खुली आहे, त्या वाटेनं कोण आलं आणि कोण गेलं याची जबाबदारी आपण घेऊ शकत नाही. पण जो निश्चितपणे आपला आहे त्याला परत घेण्यात कमीपणा कसला? आपलं माणूस परदेशात बेकायदा अवस्थेत, मिळेल त्या मजुरीवर, पोलिसाला घाबरत जगत असेल, तर त्याला घरी आणणं हे सरकारचं कर्तव्यच आहे. ते तर आपल्याला तसंही करावंच लागतं. मग त्याच्या बदल्यात लाखो सरळ माणसांसाठी काही मागून का घेऊ नये?

दिल्लीला हे सुचलेलं नाही असंही नाही. मे २०२१ मध्ये ब्रिटनशी स्थलांतराचा समझोता झाला, त्यात बेकायदा राहणाऱ्यांना परत घेण्याची बाजू होती आणि वर्षाला तीन हजार तरुण पदवीधरांना दोन वर्षं तिथं राहून काम करण्याची संधी होती. डिसेंबर २०२२ मध्ये जर्मनीशी झालेल्या करारातही अशीच दुहेरी वीण आहे. पण संपूर्ण युरोपीय संघाशी २०१६ मध्ये झालं ते स्थलांतर आणि प्रवासाविषयीचं नुसतं सामायिक निवेदन. ते बंधनकारक नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपनं स्वतःहून एक सवलत दिली: आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरलेल्या भारतीयाला दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. चांगलं झालं. पण ज्याला पहिला व्हिसाच मिळत नाही त्या माझ्या भाच्याला त्याचा काय उपयोग?

थायलंड आणि मलेशियानं आपल्याला दार उघडलं, मग युरोपही उघडेल, असं लोक म्हणतात. ही तुलना बरोबर नाही. २०२३ च्या अखेरीस त्या दोघांनी दिलेली माफी हा त्यांचा एकतर्फी निर्णय होता, पर्यटक वाढावेत म्हणून घेतलेला. वाटलं तेव्हा ते मुदत बदलतील, वाटलं तेव्हा बंद करतील. इराणनं केलीच. करारात बांधलेली सवलत मोडायला कारण द्यावं लागतं, नोटीस द्यावी लागते, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं.

एकशे चाळीस कोटींच्या देशाला उद्या सकाळी सरसकट माफी मिळेल, असं मी म्हणत नाही. पोलंड पावणेचार कोटींचा होता आणि युरोपला तो हवाच होता. मी मागतोय ती पहिली पायरी: सुलभीकरणाचा करार आणि त्याच्या जोडीला, वर सांगितलेल्या दोन अटी वगळून, परत घेण्याचा करार. युरोपनं इतर देशांशी असे करार केले तेव्हा फी ३५ युरोवर आणली होती. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीसारख्या गावांतल्या छोट्या उद्योजकांसाठी, आयकर आणि जीएसटीच्या नोंदी तीन वर्षं नीट असतील तर पहिलाच व्हिसा तीन वर्षांचा द्या. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी फौंड्रीवाल्यांचं 'गिफा' प्रदर्शन भरतं, पुढचं २०२७ ला आहे. तिथल्या यंत्रांची पुस्तकं इथं उद्यमनगरात बसून चाळणाऱ्यांना ती यंत्रं चालताना बघता यावीत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत कोल्हापुरी चपलेच्या घडणीच्या चपला दिसल्या, केवढा गदारोळ झाला. त्या घडणीचा मूळ कारागीर आपली चप्पल घेऊन मिलानला स्वतः उभा राहायचा म्हणाला, तर कातडं कमावणाऱ्या त्या माणसानं कोणता आयटीआर जोडायचा? कारागिरांचा एक स्वतंत्र वर्ग त्या करारात असलाच पाहिजे. आणि वळिवड्याच्या छावणीत राहिलेली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं आणि त्यांना भेटायला जाऊ पाहणारे इथले लोक, यांचाही एक छोटा वर्ग असावा. असा वर्ग फार मोठा होणार नाही, पण त्यातून विश्वासाची नोंद तयार होईल.

इतका अरुंद दरवाजा कुणी करतं का, असं वाटेल. भारत आणि पाकिस्ताननं केलाय. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा आणि बालाकोट झालं, आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला दोन्ही सरकारांनी पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाराच्या यात्रेसाठी करारावर सह्या केल्या. व्हिसा नाही, पासपोर्ट दाखवायचा, रोज पाच हजारांपर्यंत यात्रेकरू, सकाळी जाऊन त्याच दिवशी परत. पाकिस्तान वीस डॉलर घ्यायचा, त्यावर आपला आक्षेप होता, तरी करार झाला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्या बाजूनं तो बंद केला गेला, पण २०१९ मध्ये तो होऊ शकला, हे विसरता येत नाही. एकमेकांवर तोफा रोखलेली दोन राज्यं एका गुरुद्वारापुरता व्हिसा उठवू शकत असतील, तर व्यापार वाढवायला उत्सुक असलेल्या दोन बाजूंना कारागिरापुरतं दार का उघडता येऊ नये?

पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली, आजचं गांधीनगर त्यांनी उभं केलं. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परवाना लागू झाला, ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. कालपर्यंत ज्या गावाला रेल्वेनं जायचं तिथं जायला एका सकाळी कागद लागू लागला. आपल्यालाही याची थोडी चव २०२१ मध्ये मिळाली. कोगनोळी नाक्यावर कर्नाटकात शिरायला आरटीपीसीआरचा कागद मागत होते, आणि रोज निपाणीला जाणारी कागलची माणसं मोटारसायकल बाजूला लावून तासन् तास उभी होती. कागद कुठं मिळतो, किती दिवस चालतो, हे नाक्यावर कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तो प्रश्न मात्र दोन सरकारांनी बसून सोडवायचा होता, हे तेव्हा सगळ्यांनाच लगेच कळलं होतं.

आपणही आपलं दार अधिक उघडलं पाहिजे. पोलिश माणसाला भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, ही चांगली गोष्ट आहे, पण कोल्हापुरातल्या त्या कबरींवर फुलं वाहायला येणाऱ्या नातवंडाकडून फी कशाला घ्यायची? ही सवलत भारत आजच देऊ शकतो. अमेरिकेला पोलंडनं दिली तशी सरसकट आणि बिनशर्त नको. मोजक्या माणसांना, आणि ब्रसेल्सच्या टेबलावर दाखवता येईल अशा रीतीनं.

आपले खासदार महामार्ग मागतात, विमानतळाची धावपट्टी वाढवून मागतात, नव्या रेल्वेगाड्या मागतात. त्याबरोबर एक प्रश्न त्यांनी लोकसभेत विचारावा, असं मी त्यांना पत्र लिहून कळवलं आहे: युरोपीय संघाबरोबर व्हिसा सुलभीकरण कराराची बोलणी सुरू करण्याचा सरकारचा विचार आहे का, असल्यास कोणत्या अटींवर आणि कोणत्या मुदतीत? अशा तीन ओळींच्या प्रश्नालाही मंत्रालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं.

भाचा पुन्हा अर्ज करणार आहे. त्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या एका भागासाठी विचारणा केली आहे. परवा तो तलाठ्याकडून नवा सातबारा घेऊन आला, कारण जुना उतारा जुना झाला. मधल्या काळात धाकटी मावशी गेली, तिच्या जागी तिच्या दोन मुलांची नावं लागली आहेत. सातची आठ नावं झाली. भाषांतर नव्यानं करून घ्यावं लागेल.